सातव्या पावलाचा वळसा

आमचे कराटेचे सर स्कूटरला किक मारण्याआधी तिला कमरेत वाकून नमस्कार करत. मग कॉलनीच्या सभागृहाच्या कुलपाला, कुलूप निघालं की दाराला, आणि आत गेल्यावर पूर्वेच्या भिंतीवर टांगलेल्या आपल्या गुरूंच्या फोटोला. एवढं वाकून झाल्यावर आम्हा शिष्यांची पाळी यायची, तोवर त्यांची कंबर धरलेली असायची. एकदा नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला थांबले असताना त्यांनी सवयीने वाहतूक पोलिसालाही तसाच नमस्कार केला. त्याला ती थट्टा वाटली. त्याने स्कूटर बाजूला घ्यायला लावून सगळे कागद तपासले आणि ते बरोबर निघाल्यामुळे तो अजूनच खट्टू झाला. सर आम्हाला म्हणाले, "आदर दिला की समोरचा आधी गोंधळतो. लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं.

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या मुलाला सोडायला. मुलगा तीन महिन्यांत क्लासमधून सुटला. त्याचा पांढरा ड्रेस मात्र 'वाढतं अंग आहे' म्हणून चांगला दोन मापं मोठा घेतलेला होता. तो मला बसला. शिवाय मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवसभर लोकांना गप्प बसवणं हाच माझा व्यवसाय, आणि इथे तर पहाटे उठून बेंबीच्या देठापासून ओरडायची परवानगी होती. एकोणचाळिसाव्या वर्षी याहून चांगली सोय मला कोण करून देणार होतं?

सर अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले ते फक्त कारखान्याच्या दृष्टीने. आम्हाला ते स्टोअरमधल्या मालासारखंच सांभाळत. मधेच पाणी प्यायला जायचं तर गेटपास लागायचा, आणि गेटपास म्हणजे खरोखरच त्यांच्या सहीची चिठ्ठी. रांगेत जागा रिकामी राहिलेली त्यांना खपत नसे. "फट ठेवू नका. फट म्हणजे शत्रूला गेटपास," असं म्हणून ते गैरहजर माणसाची जागा ताबडतोब भरून घेत. सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. पहिलीतल्या पोरालासुद्धा, "तुम्ही आधी नाक पुसा, मग ठोसा मारा," असं अदबीने सांगत.

क्लासची वेळ पाच पस्तीस. साडेपाच नाही. "साडेपाच म्हटलं की लोक पावणेसहाला येतात. पाच पस्तीस म्हटलं की घाबरतात," हा त्यांचा सिद्धांत होता आणि दुर्दैवाने तो खरा होता. मी आठ वर्षं घाबरून वेळेवर गेले.

आकडे जपानीत मोजायचे. इच, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, क्यु, ज्यु. यापुढे "अकरा, बारा, तेरा." गुरूंनी त्यांना दहापर्यंतच शिकवलं होतं, आणि गुरूंनी न शिकवलेला आकडा इंटरनेटवरून उचलणं त्यांना चोरी वाटायचं. या गुरूंचा फोटो कुठल्या तरी घोळक्याच्या फोटोतून कापून मोठा केलेला होता. चेहरा धुरकट, आणि शेजारी दुसऱ्याच कोणाचा तरी खांदा आलेला. त्या अनोळखी खांद्यालाही आम्ही रोज मनोभावे नमस्कार केला. फोटो पूर्वेलाच का, तर जपान पूर्वेला आहे म्हणून. कोणी दिशा बदलायचं सुचवलं की सर त्याच्याकडे असं बघत, की त्याने जपानच उचलून दुसरीकडे ठेवायला सांगितलं आहे.

सूचना यायच्या, कारण सभागृहाच्या ऐन मध्यात एक लोखंडी खांब होता. अजूनही आहे. पूर्वी कधी छताला तडा गेला, तेव्हा कॉलनीच्या कमिटीने तात्पुरता म्हणून तो उभा केला. मी क्लासला लागले तेव्हा त्या तात्पुरतेपणाला आठ वर्षं झाली होती. त्याच्यावर वाढदिवसांच्या फुग्यांच्या चिकटपट्ट्या होत्या, निवडणुकीची स्टिकर्स होती आणि कोणाचा तरी रुमाल कायम लटकत असे. आम्ही त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

सरांना प्रश्न विचारायची सोय नव्हती. म्हणजे विचारता यायचा, पण उत्तर एकच होतं: "करत राहा, कळेल." गुडघा इतका का वाकवायचा? करत राहा, कळेल. ठोसा मारताना दुसरा हात कमरेला कशाला? करत राहा, कळेल. मी करत राहिले. आठ वर्षांत मला एवढंच कळलं, की गुडघ्याचे डॉक्टर फार लवकर अपॉइंटमेंट देत नाहीत.

आता 'काता' म्हणजे काय ते सांगायला हवं. समोर शत्रू आहेत असं समजायचं आणि ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या पावलांनी त्यांच्याशी लढायचं, त्याला काता म्हणतात. माझ्या ऑफिसातल्या मीटिंगाही अशाच चालतात, त्यामुळे मला तो लगेच जमला. आमच्या मुख्य कात्यात सातवं पाऊल खास होतं. 'शिची' म्हटलं की पुढे जाता जाता उजवीकडे सरकायचं, अर्धा गोल घ्यायचा आणि पुन्हा आपल्या रेषेवर यायचं. सर त्याला 'वळसा' म्हणत. "शत्रू समजतो आपण सरळ येणार. इथे त्याला चकवायचं," असं सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. पस्तीस माणसं एकदम तो अर्धा गोल घ्यायची तेव्हा खरंच छान दिसायचं. वर्षाच्या कार्यक्रमात तर पालक नेमके तिथेच टाळ्या वाजवत.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना मुंबईच्या एका मोठ्या संस्थेचा मेसेज आला. आमचा क्लास त्या संस्थेशी जोडलेला होता, आणि तिची सर्टिफिकेटं मुलांना खेळाच्या गुणांसाठी लागत. मेसेजात लिहिलं होतं की ज्या क्लासने आजवर एकही काळा पट्टा तयार केलेला नाही, त्याची संलग्नता संपेल. सरांनी एकही तयार केलेला नव्हता. पोरं तपकिरी पट्ट्यापर्यंत यायची, मग नववीत जायची आणि तिथून त्यांना कोचिंग क्लासवाले घेऊन जायचे. तपकिरी पट्टा कमरेला बांधलेली आणि पुढे कुठलीही प्रवेश परीक्षा नसलेली अशी एकच व्यक्ती क्लासात उरली होती. ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि मध्येच गेटपास मागून पाणी प्यायला जायची.

"मॅडम," सर म्हणाले, "शिबिरात परीक्षा आहे. तुम्ही बसायचं."

"सर, मी पास नाही झाले तर?"

"तर सर्टिफिकेट बंद. सर्टिफिकेट बंद की पालक बंद." मग त्यांनी खिशातला गेटपासांचा गठ्ठा उगाच काढून पाहिला आणि परत ठेवला. "मग पाच पस्तीसला मी कुठे जाऊ?"

त्यांचं घर होतं, घरात माणसं होती, देवळं होती, गोदाकाठ होता. पहाटे जायला नाशिकात जागा कमी नाहीत. पण सरांच्या आवाजात त्यातली एकही नव्हती. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. मी हो म्हटलं.

शिबिर दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारी, इगतपुरीच्या पुढे डोंगरात, सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका निवासी शाळेत होतं. सोबत काय आणायचं याची यादी सरांनी ग्रुपवर टाकली: ताट, वाटी, पांघरूण, टॉर्च, इच्छाशक्ती. एका पालकाने खाली विचारलं, "इच्छाशक्ती शाळेच्या दप्तरात चालेल का?" सरांनी उत्तर दिलं, "चालेल."

मालेगावचा एक क्लास आला होता, वणीचा एक होता, आणि आम्ही; सगळे आदल्या रात्रीच पोचलो होतो. शनिवारी पहाटे दात वाजायला लावणारी थंडी. "थंडी ही मनाची कल्पना आहे!" असं सर मैदानात ओरडत होते. त्यांच्या पांढऱ्या ड्रेसच्या गळ्यातून एकाखाली एक दोन स्वेटर दिसत होते. गार पाण्याने आंघोळ करायची, दगडांवरून अनवाणी पळायचं, मग डोंगराकडे तोंड करून डोळे मिटून शांत बसायचं. मी शांत बसले तेव्हा मला फक्त पोहे दिसले.

पोहे झाल्यावर आमच्या क्लासने मैदानावर काता केला. मोकळं मैदान, चहूबाजूंनी डोंगर, वर निळंभोर आकाश. शिची! पस्तीस माणसांनी एकदम वळसा घेतला. स्वयंपाकाच्या मावशी कढई घासता घासता थांबल्या. काता संपल्यावर मी पाणी प्यायला गेले, तर त्यांनी मला धरलं.

"ओ मॅडम, तुमी समदे मधीच कशापायी वळताय? साप-बिप हाय का काय तिथं?"

"साप नाही हो मावशी. शत्रू आहे."

"कुठं? मला नाय दिसत."

"खरा नाही. आहे असं समजायचं."

"आन् मंग त्याला वळसा कशाला?" मावशी म्हणाल्या. "खराच नाय तर जायचं की तसंच त्याच्यातून!"

मी खो खो हसले. मागे वळून पाहिलं तर सर चहाचा कप घेऊन उभे होते. ते हसत नव्हते. ते मैदानाच्या मधोमध बघत होते, जिथे काहीही नव्हतं.

दुपारी परीक्षक आले. तिशीचा, ट्रॅकसूटमधला, हातात टॅब असलेला तरुण मुलगा. वागायला नम्र, पण त्याने पहिल्याच वाक्यात सरांना "अंकल" म्हटलं आणि सरांच्या चेहऱ्यावरून एक सावली सरकून गेली. त्याने आमचा काता बघायला मागितला. बघितला. मग पुन्हा बघायला मागितला.

"अंकल, ही सातवी स्टेप कुठली आहे?"

"आमच्या परंपरेतली," सर ताठ होऊन म्हणाले.

"नाही, म्हणजे सिलॅबसमध्ये अशी मूव्हच नाहीये. तिथे सरळ जायचंय. हे बघा ना." त्याने टॅबवर व्हिडिओ लावला. एक म्हातारा जपानी माणूस तोच काता करत होता. सातव्या पावलाला तो सरळ पुढे गेला. "उद्या मॅडमनी असा टर्न घेतला तर मला पास नाही करता येणार. सॉरी, अंकल."

सरांनी व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्यांदा तर टॅब डोळ्यांजवळ नेऊन, त्या म्हाताऱ्याच्या आसपासचा हॉल न्याहाळला. मग टॅब परत देत अगदी हळू म्हणाले, "यांच्या हॉलमध्ये खांब नाही."

परीक्षकाला काही समजलं नाही. मला समजलं. पुस्तकं विषयवार लावणाऱ्या बाईला आठ वर्षांत एक खांब आणि एक वळसा शेजारी शेजारी लावता आला नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी मी नळावर ताट धूत होते, तिथे सर आले. शेजारच्या दगडावर बसले आणि पहिल्यांदाच, मी काही न विचारता, आपणहून सांगू लागले.

"खांब येण्याआधी आपण सरळच जायचो, मॅडम. खांब आला त्या आठवड्यात मधल्या रांगेत एक मुलगी उभी होती. चौथीतली असेल. शिची म्हटलं आणि ती सरळ गेली. कपाळाला हे एवढं टेंगूळ. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, सर, मी एकटीच बाजूने जाऊ का? एकटीच वेगळी दिसली असती ती. मी म्हटलं, एकाला खांब आडवा आला की सगळ्यांनी वळायचं. कमिटीला अर्ज देत होतो. खांब निघाला की परत सरळ जाऊ, असं ठरवलं होतं."

"मग?"

"खांब निघाला नाही. नवीन पालक विचारायला लागले, ही स्टेप कसली. आता त्यांना काय सांगू, की कमिटी ऐकत नाही? म्हणून चकवा म्हणालो. पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं." त्यांनी माझा वाहता नळ बंद केला. "सोळा वर्षं मी चुकीचं शिकवलं, मॅडम."

या माणसाला मी आठ वर्षं मनातल्या मनात आणि घरी जेवताना उघड उघड हसत आले होते. त्या नळावर मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "सर, उद्या सरळ जायचंय ना? मग शिकवा."

सांगणं सोपं होतं. पायांना कोण सांगणार? शाळेच्या ओट्यावर मी काता सुरू केला आणि शिचीला माझे पाय आपोआप उजवीकडे गेले. पुन्हा केला, पुन्हा गेले. दहा वेळा झालं. अकरा, बारा, तेरा वेळा झालं. शेवटी सर उठले आणि नेमके सातव्या पावलाच्या जागी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मी खांब आहे असं समजा. आणि सरळ माझ्या अंगावर या."

ते खांब आहेत असं समजायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. पण अंगावर जाववेना. मी वळले. "या!" ते ओरडले. मी परत वळले. "मॅडम, मी बाजूला होईन. तुम्ही नका होऊ!" तेव्हा कुठे मी डोळे मिटून सरळ गेले. ते शेवटच्या क्षणी बाजूला झाले. असं आम्ही शाळेचे दिवे मालवेपर्यंत केलं. दोनदा ते वेळेवर बाजूला झाले नाहीत आणि माझा ठोसा त्यांच्या छातीत बसला. दोन स्वेटर कामी आले.

रविवारी सकाळी परीक्षा झाली. मी मैदानाच्या मध्यात एकटी, समोर परीक्षक, एका बाजूला मालेगाव आणि वणी, दुसऱ्या बाजूला आमचा क्लास. गो, रोकु. शिचीला माझा उजवा पाय वळण्यासाठी उचललाही गेला होता. मला समोर सर दिसले, म्हणजे ते तिथे नव्हते, कडेला हात बांधून उभे होते. पण मला दिसले, आणि मी त्यांच्यातून सरळ गेले. मावशींनी स्वयंपाकघराच्या दारातून टाळी वाजवली. "आता कसं!" त्या म्हणाल्या.

मला काळा पट्टा मिळाला. क्लास वाचला. परतीच्या टेम्पोत पोरांनी नाशिक येईपर्यंत आरडाओरडा केला, आणि सरांनी एकालाही गेटपास मागितला नाही. ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला वाटलं दमले असतील.

मंगळवारी पाच पस्तीसला क्लास भरला. सरांनी जाहीर केलं की ज्याला काळा पट्टा मिळतो त्याने त्यानंतरच्या क्लासला पुढे उभं राहून आकडे मोजायचे, आणि शिक्षकाने रांगेत उभं राहायचं, ही आपली प्रथा आहे. ती प्रथा त्या क्षणी जन्मली होती. मग म्हणाले, "आजपासून सातवं पाऊल सरळ. बरोबर तेच करायचं." सगळ्यांनी मान डोलावली आणि सगळ्यांनी एकदम खांबाकडे पाहिलं. त्याच्यामागची जागा रिकामी होती. तिथे उभं राहायला कोणीच तयार नव्हतं. रांगेत फट पडली होती.

सर शांतपणे गेले आणि त्या फटीत उभे राहिले.

मी मोजायला लागले. इच, नी, सान. मला वाटलं, ऐनवेळी थांबतील. एवढे काही ते हे नाहीत. शी, गो, रोकु. शिची.

सर सरळ गेले. लोखंडाचा आवाज सभागृहभर घुमला. एक मुलगी फिस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला. सरांनी एक पाऊल मागे घेतलं, खांबाला कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "पुन्हा. पहिल्यापासून मोजा, मॅडम."

त्यांच्या कपाळावर टेंगूळ येताना मला तिथून दिसत होतं. ते उद्याही असेच जाणार होते, परवाही. सोळा वर्षांचा हिशेब ते कपाळाने चुकता करणार होते, आणि मी समोर उभी राहून त्यांना आकडे मोजून देणार होते. माझ्या कमरेच्या नव्या पट्ट्याची गाठ मला एकदम टोचायला लागली.

"थांबा," मी ओरडले. "सातव्या पावलाला सगळ्यांनी वळसा घ्यायचा. सगळ्यांनी. परीक्षेला जाऊ तेव्हा सरळ जाऊ. इथे वळायचं."

"मॅडम, ते चूक आहे," सर म्हणाले.

"माहितेय."

पस्तीस माणसं माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होती. सरांनी कपाळावरून हात फिरवला. आठ वर्षांत त्यांनी मला जे कधीच विचारलं नव्हतं, ते त्यांनी त्या सकाळी, रांगेत उभं राहून, शिष्याच्या आवाजात विचारलं.

"का?"

"करत राहा, सर," मी म्हटलं. "कळेल."